टायरची नाडी

नेरूरकर डॉक्टरांनी माझी मुलाखत वासावर घेतली. मुंबईतल्या एका औषधाच्या दुकानात काही वर्षं बाटल्या भरून मी आईच्या दम्यापायी मालवणात परतलो होतो. डॉक्टरांना कंपाउंडर हवा आहे असं कळलं, म्हणून धुतलेला सदरा घालून सकाळीच दवाखान्यात हजर झालो. बाहेरच्या बाकावर रोगी बसले होते आणि डॉक्टर मात्र आत नव्हते. ते अंगणात फणसाखाली एका बुटक्या, जुन्या विलायती मोटारीपाशी उकिडवे बसले होते. मागच्या चाकाच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून, डोळे मिटून, नाडी बघावी तसे स्तब्ध. मी खाकरलो. त्यांनी डोळे उघडले, खिशातून दोन काळे तुकडे काढले आणि माझ्या नाकाखाली धरले.

"हुंग."

मी हुंगलं.

"काय फरक?"

"ह्याका गंधकाचो वास जास्त येता," मी चाचरत म्हणालो. "आणि ह्याका... पायताणाचो."

"उद्यापासून ये."

मी मुंबईच्या दुकानदाराचं शिफारसपत्र पुढे केलं. ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. "पत्रां सगळ्यांकडे असतत रे. नाक नसता." मग मला नीट न्याहाळून म्हणाले, "टायराच्या रबराक विलायतेत कंपाउंड म्हणतत. काजळी किती, गंधक किती, रबर किती, ह्या मिश्रणाक. आणि तू कंपाउंडर. म्हणजे तुझो नि टायराचो जन्माचो संबंध."

हा विनोद त्यांनी पुढे मला निदान महिन्यातून एकदा ऐकवला, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे ते स्वतःच खूश झाले.

डॉक्टर उंच, काटकुळे आणि कानावर केस वाढलेले होते. धोतर त्यांनी आयुष्यात नेसलं नाही, कारण धोतर नेसून मोटारीखाली शिरता येत नाही. गावातले लोक त्यांना मोटारवेडे म्हणत, पण ते तितकंसं खरं नव्हतं. इंजिनात त्यांना काडीचा रस नव्हता. "इंजीन म्हणजे नुसतो आवाज," ते म्हणायचे. "वाघ किती वराडता ता सगळे आयकतत. पण वाघ उडी मारता ती पायार." आणि मग आपला लांबट पंजा माझ्यासमोर धरायचे. "एक चाक जमनीक टेकता ती जागा केवढी, म्हायत आसा? ह्या तळव्याएवढी. चार चाकां, चार तळवे. सगळी गाडी, आतली माणसां, तेंची घराकडची बायका-पोरां, सगळी त्या चार तळव्यांर."

या वेडाचं मूळ मुंबईत होतं. तिथे डॉक्टरी शिकत असताना विमानाच्या एका धावपट्टीवर मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत. हे दर वेळी जात. एकदा मित्राची मोटारसायकल मागून स्वतःच उतरले. चाकांना मऊ रबराचे टायर होते, वळणं घट्ट धरणारे. बरेच पुढे होते म्हणे. शेवटच्या फेऱ्यांत मागचा टायर फुटला आणि शर्यत तिथेच संपली. ही हकीकत वडिलांच्या कानावर गेली. परीक्षा होताच त्यांनी मुलाला मालवणात आणून दवाखान्यात बसवलं. डॉक्टर ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगत. "तो टायर फुटलो म्हणान तुमका मी गावलंय. नायतर खोकल्याक औषध कोणी दिल्यान असता?"

त्यांची एक इच्छा मात्र मला पुढे कळली. एकदा तरी एखादी शर्यत सुरू केली की शेवटपर्यंत जाऊन संपवायची. जिंकायचीच असं नाही. संपवायची.

रोग्यांना या सगळ्याची सवय झाली होती. टाचेला भेगा पडलेली बाई आली की डॉक्टर तिला मलम देत आणि वर समजावत, "उन्हात ठेवलेलो टायर आणि अनवाणी पाय, दोनय सारखेच फुटतत गो." बाई मान डोलवायची. कुणाला मोटारीतून आणलं तर डॉक्टर आधी मोटारीकडे जात, मग रोग्याकडे. एकदा खारेपाटणच्या एका व्यापाऱ्याने आईला बरं नाही म्हणून भाड्याची मोटार पाठवली. डॉक्टर तिच्याभोवती फिरले, चारही टायरांत नख रुतवून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ह्या गाडयेतसून मी इलंय, तर एका रोग्याचे दोन होतले." मग पुढे आमची बुटकी मोटार आणि मागे ती भाड्याची रिकामी, अशी मिरवणूक निघाली. तळेऱ्याच्या अलीकडे मागे बार उडाल्यासारखा आवाज झाला. डॉक्टरांनी लगेच गाडी थांबवली, धावत मागे गेले आणि फुटलेल्या टायरापाशी बसकण मारून मला हाका मारू लागले. "परबा, ये रे, बघ! ही चीर पयली गेली हा. मगे ही. आणि हयसर हवा भायर पडली." प्रेताची चिरफाड करणाऱ्या प्राध्यापकासारखे ते रंगून गेले होते. खारेपाटणला एक म्हातारी आपली वाट बघते आहे, ही आठवण मला करून द्यावी लागली. आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी उठून पेज जेवत होती, हे आमचं नशीब.

डॉक्टरांच्या पत्नी माई. गोऱ्या, ठेंगण्या आणि जिभेने धारदार. त्यांना मूलबाळ नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या दारात उभं राहून तांदूळ निवडता निवडता त्या आमच्या कामावर शेरे मारत. इंजेक्शनच्या सुया उकळायच्या भांड्यात डॉक्टरांनी एकदा रबराचे तुकडे उकळले आणि पुढे आठवडाभर अख्ख्या दवाखान्याला जळक्या चपलेचा वास येत राहिला. तेव्हा माई रोग्यांसमोरच म्हणाल्या, "माझ्या घोवाक माणसापेक्षा टायराची नाडी जास्त कळता. तुमका बरा होवचा असात तर पायाक चाकां लावन येवा."

डॉक्टरांचा एक वर्गमित्र बोटीवर डॉक्टर होता. तो विलायतेतली मोटारशर्यतींची जुनी मासिकं त्यांना पाठवी. त्यातून त्यांना एक कोडं पडलं होतं, आणि ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मला झोपेतही सांगता आलं असतं. टायराचं रबर मऊ ठेवलं तर ते रस्ता घट्ट धरतं, वळणावर गाडी घसरत नाही, वेग मिळतो. पण ते भराभर झिजतं, आणि मध्येच थांबून चाकं बदलावी लागली की मिळवलेला सगळा वेळ जातो. रबर कडक केलं तर ते शेवटपर्यंत टिकतं, पण वळणावर साथ देत नाही. शर्यत किती लांब, जमीन कशी, ऊन किती, गाडी जड की हलकी, हे बघून मिश्रण निवडायचं. "चालवणारो शर्यतीच्या दिवशी जिंकता असा लोकांक वाटता," डॉक्टर म्हणायचे. "खरा तर तेच्या आदल्या दिवशी, टायर निवडतानाच, अर्धी शर्यत झालेली असता."

पण मालवणात टायरांचे प्रयोग कशावर करणार? मोटारी होत्या किती? डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. त्यांनी गणू पोस्टमनला धरलं. गणू रोज देवबागच्या वाळूपासून वरच्या कातळापर्यंत पायी हिंडायचा. डॉक्टरांनी बाजारातल्या चपलावाल्याकडून त्याला एक जोड शिवून दिला. डाव्या चपलेचा तळ मऊ टायराचा, उजवीचा कडक टायराचा. गणूला फुकटच्या चपला मिळाल्याचा आनंद. अट एकच होती. दर बाजाराच्या दिवशी येऊन तळ मोजू द्यायचे.

गणू यायचा, तपासणीच्या टेबलावर पालथा झोपायचा, आणि डॉक्टर त्याच्या तळपायाशी वाकून चपलेची जाडी मोजायचे. बाहेर बाकावरचे लोक हे दारातून बघत. थोड्याच दिवसांत गावात बातमी पसरली की गणूला काहीतरी भयंकर झालं आहे. बायका त्याला टपालाबरोबर केळी देऊ लागल्या. एका म्हाताऱ्याने तर त्याच्या मुलांचं पुढे काय, म्हणून त्याच्या भावाकडे चौकशी केली.

शिमग्यापर्यंत डावा तळ पापडासारखा झाला आणि उजवा होता तसाच जाड राहिला. गणू लंगडू लागला. "डॉक्टरानू," तो कळवळून म्हणाला, "माझो डावो पाय खड्ड्यात आणि उजवो गडग्यार चलता." डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे मऊ इतक्या झिजला! परबा, लिवन ठेव." आणि त्याच पावसाळ्यात, शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून उतरताना गणूची उजवी, कडक चप्पल सटकली आणि तो टपालाच्या पिशवीसकट खाली आला. डॉक्टरांनी त्याचं ढोपर स्वतः बांधलं आणि बांधता बांधता उसासा टाकला. "धरणारो टिकना नाय आणि टिकणारो धरना नाय. ह्याका औषध नाय रे गणू."

"आसा," गणू म्हणाला. "माझ्यो जुन्यो चपला माका परत देवा."

या प्रयोगानंतर डॉक्टरांनी मनाशी ठरवलं, जरा कमी धरलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत टिकणारं मिश्रण हवं. मला घेऊन ते कोल्हापूरला गेले. तिथे झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून देणारा एक कारखाना होता. मालक म्हणाला, "आमच्याकडं एकच माल हाय. येईल त्या टायराला त्योच." डॉक्टरांनी खिशातून आपला औषधं लिहायचा कागद काढला, त्यावर काजळी, गंधक, रबर यांचं प्रमाण लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद मालकापुढे सरकवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. "डॉक्टर, हे दिवसातनं किती वेळा द्यायचं?"

"एकदाच," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पण नीट शिजवून."

गोवा मोकळा झाला, सीमेवरची फाटकं उघडली आणि आमच्याकडे विलायती मोटारी दिसू लागल्या. त्यातली सर्वांत लांब, सर्वांत चकचकीत मोटार बापूची. बापू रेडीकडच्या एका खाणमालकाचा मुलगा होता. पंचविशीतला, हसरा, पैशांनी आणि वेगाने फुगलेला. मालवणच्या वरच्या सड्यावर मोटारींची शर्यत ठेवायची कल्पना त्याचीच. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार. पावसात तिथे गवत आणि रानफुलं असतात. माघात नुसता तांबडाकाळा, खरखरीत दगड उरतो. चुन्याने आखून, निशाणं रोवून वाटोळी वाट तयार केली. पंचवीस फेऱ्या मारायच्या ठरल्या. बेळगाव-कोल्हापूरकडचे चार हौशी लोक आले. आणि आमच्या डॉक्टरांनी कोल्हापूरचं रबर चढवलेल्या बुटक्या मोटारीचं नाव दिलं.

आदल्या दिवशी बापू आपले टायर दाखवायला दवाखान्यात आला. खास शर्यतीचे, गोव्याहून आणलेले. डॉक्टरांनी नख रुतवलं. ते आत गेलं.

"बापू, ह्या लोणी आसा," डॉक्टर कळकळीने म्हणाले. "सडो म्हणजे खवणी. खवणयेर लोणी फासतस?"

"काका, मी इतको पुढे जातलंय की लोणी वितळला तरी तुमका दिसूचा नाय," बापू हसत म्हणाला. "आणि माझ्याकडे बदलूक चाकांची रास आसा."

"माझ्याकडे नाय. म्हणान मी थांबूचंच नाय." मग मला बजावलं, "परबा, तू जॅक नि पाना घेवन हुबो रव, रीत म्हणान. पण मी थांबूचंय नाय. डॉक्टर म्हणान कोणी हाक मारल्यान तरीय थांबूचंय नाय."

शर्यतीला अर्धं मालवण सड्यावर लोटलं. गूळ-आल्याचं खाजं विकणारे खाजेवाले आले, सोडावाले आले, काजूच्या झाडांवर माणसं चढली. माई छत्री घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी एका दगडावर बसल्या. रुमाल पडला आणि पाच मोटारी धूळ उडवत निघून गेल्या. धूळ बसल्यावर सहावी दिसली. ती आमची. रोगी बघायला निघावं तशी चालली होती.

"पोचतले ना घराक काळोखाआधी?" माई म्हणाल्या.

पहिल्या काही फेऱ्यांत बापूने डॉक्टरांना दोनदा मागे टाकलं. वळणावर त्याची लांब गाडी कातळाला चिकटल्यासारखी वळायची आणि लोक शिट्ट्या घालायचे. पण तेवढ्यात त्याच्या मागच्या चाकांतून काळ्या साली उडू लागल्या. तो थांबला. त्याच्या माणसांनी धावत चाकं बदलली. तेवढ्या वेळात आमची बुटकी टुकटुकत पुढे गेली. बापूने तिला पुन्हा गाठलं, पुन्हा पुढे गेला, पुन्हा साली उडाल्या, पुन्हा थांबला. कोल्हापूरच्या एका गाडीचे दोन टायर एकाच फेरीत गेले. बेळगावची एक काजूच्या झाडांजवळच्या वळणावर घसरून गवताच्या उडवीत शिरली. बाकीचे दोघे चाकं संपली म्हणून बाजूला बसून सोडा प्यायले. ऊन चढलं तसा कातळ तापला, आणि तापलेल्या कातळावर मऊ रबर खरोखरच लोण्यासारखं गेलं. डॉक्टर मात्र होते त्याच चालीने, तोंड घट्ट मिटून फिरत होते. लोकांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. आधी कोणीतरी हसत "डॉक्टर!" म्हणून ओरडलं, मग दुसरा ओरडला, मग सगळा सडाच ओरडू लागला. माई उभ्या राहिल्या. छत्री मिटली.

दोन फेऱ्या उरल्या होत्या. डॉक्टर पहिले. बापूची चाकांची रास संपली होती आणि शेवटची जोडीही झिजून रबराखालच्या कॅनव्हासला आली होती. तो आमच्यापेक्षा अर्ध्या फेरीने मागे होता. मी हातातला पाना खाली ठेवला आणि टोपी हवेत उडवायच्या तयारीने काढून धरली.

आणि आमची मोटार वाट सोडून माझ्यासमोर येऊन थांबली.

मला वाटलं, पेट्रोल संपलं. डॉक्टर शांतपणे उतरले, मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि रबरात नख रुतवलं. मग उजव्याकडे गेले. मग पुढच्या दोन्हीकडे.

"डॉक्टरानू, चला! चला!" मी किंचाळलो.

"परबा, हो बघ." त्यांचा चेहरा पहिलं मूल हातात घेतलेल्या बापासारखा झाला होता. "हयसून थंयसर सारखो झिजलो हा. एक चीर नाय! हात लाव, हात लाव!"

शेजारून फटक-फटक आवाज करत, चाकांच्या चिंध्या उडवत बापूची गाडी गेली. लोक हळहळले. डॉक्टरांनी मान वर केली.

"कोण गेलो?"

"बापू गेलो!"

"कसल्यार?"

"कॅनव्हासार!"

"अरे, मगे तो फुटतलो! तेका कोणीतरी थांबवा!" असं म्हणत ते गाडीत बसले आणि निघाले. दुसरे आले. बापूने शेवटची रेषा ओलांडली आणि बरोबर तिथेच त्याचा टायर बार काढून गेला. गाडी फरफटत खाजेवाल्याच्या मांडवात घुसली. सुदैवाने मांडवात फक्त खाजं होतं. बापू बाहेर आला, अंगभर गूळ आणि आलं, आणि डॉक्टर येताना दिसले म्हणून त्याने हात पुढे केला. डॉक्टर त्याच्या हाताखालून वाकून थेट फुटलेल्या चाकापाशी बसले होते.

माई एकच वाक्य बोलल्या. "जिंकूक गेलले आणि तपासून इले."

हे वाक्य गावाने उचललं. पुढे कित्येक वर्षं परीक्षेत पेपर अर्धवट सोडून येणाऱ्या पोराला, लग्न मोडून आलेल्या नवऱ्यामुलाला, खरेदीला जाऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या गिऱ्हाइकाला लोक विचारत, "काय रे, डॉक्टरासारखो तपासून इलंस?" डॉक्टरही त्या हसण्यात सामील व्हायचे. का थांबलात, असं कुणी विचारलं की "बघूक" एवढंच सांगायचे. बापूने मात्र आठवडाभराने दवाखान्यात येऊन आपल्या खाणीच्या लॉऱ्यांना कुठला टायर घालू, असं विचारलं आणि तेव्हापासून त्याचं येणंजाणं सुरू झालं. माई त्याला न विसरता खाजं द्यायच्या. तो न चुकता लाजायचा.

काही वर्षांनी मला कुडाळला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. डॉक्टर म्हणाले, मी पोचवतो. माझी ट्रंक मागे टाकून आम्ही निघालो. धामापूरला तळ्याकाठी त्यांनी गाडी उभी केली. भगवतीला नमस्कार करून आम्ही पायऱ्यांवर बसलो. पाणी हिरवं, स्वस्थ. आता निघालोच आहोत, असा धीर करून मी विचारलं.

"डॉक्टरानू, त्या दिवशी खरोखर कित्याक थांबल्यात?"

"गाडी डावीकडे वडी होती."

"टायर तर बरो होतो."

"ता उतारल्यार कळला मरे." त्यांनी पायरीवरचा एक खडा पाण्यात टाकला. "काजीच्या वळणार दगडी गडगो आसा ना, थंय शाळेची पोरां बसली होती. आधी नव्हती. मागसून येवन बसली. पाय सोडून, हसत. मुंबैक माझो टायर फुटलो ही गजाल तुका म्हायत आसा. सगळ्यांका म्हायत आसा, मीच हसान सांगतंय. दोरयेच्या पलीकडे एक माणूस बघीत हुबो होतो, ता सांगीत नाय. मोटारसायकल तेच्या अंगार गेली. टायर माझो फुटलो, परबा. पाय तेचो गेलो."

"मगे लोकांका सांगल्यात कित्याक नाय? लोक अजून हसतत."

"हसांदेत," डॉक्टर म्हणाले. "पोरां चलत घराक गेली मा?"

ते उठले, पायरीवर वाकून हात धुतले आणि एकदम पोरासारखे हसले. "आणि खरा सांगू? टायर इतको सुंदर झिजललो बघून माका असा बरा वाटला, की शर्यत चालू आसा हाच इसारलंय."

कुडाळला माझी ट्रंक त्यांनी स्वतः उतरवली. माझा हात हातात घेतला, सोडला, गाडीत बसले, आणि नव्या दवाखान्याच्या फाटकात उभी असलेली सरकारी जीप दिसताच पुन्हा उतरले. तिचे टायर बघूनच परत गेले.

पुढच्याच्या पुढच्या श्रावणात डॉक्टर गेले. दुपारी जेवून पडले होते, उठले नाहीत. मला निरोप उशिरा मिळाला. दिवस उरकल्यावर मी माईंना भेटायला मालवणला गेलो, तेव्हा बापूही आलेला होता. त्याच्याही कानशिलाला आता पांढरे केस दिसू लागले होते. मागच्या दारी पडवीत मोटार उभी होती. बापू म्हणाला, ती मी नेतो, नीट सांभाळीन. माई बराच वेळ गाडीकडे बघत राहिल्या.

"लग्न झाल्यापासून ह्या गाडयेतसून मी कदी देवळाक म्हणान गेलंय नाय," त्या म्हणाल्या. "निघूचा म्हटल्यार एक चाक तरी काडून ठेवलेला असायचा."

बापू उठला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकं आहेत याची खात्री केली आणि पुढचं दार उघडून धरलं.

"आज सगळी आसत, माई. बसा."

माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसल्या. मी मागे बसलो. धामापूरला भगवतीकडे जायचं ठरलं. गाव संपलं, रस्ता मोकळा झाला, आणि बापूच्या पायाला जुनी सवय आठवली. समोर वळण आलं. माईंनी हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला.

"बापू, वळणार वायच हळू. टायर झिजतत."

"होय, माई," बापू म्हणाला आणि त्याने पाय काढून घेतला. नंतर तो इतका हळू चालवत राहिला की थोड्या वेळाने मागून येणारा एक बैलगाडीवाला ओरडू लागला, बाजू देवा, बाजू देवा. बापूने मुकाट्याने गाडी कडेला घेतली.